गाव सापडेपर्यंत समुद्र ओलांडू नका : अमेरिकेत आलेल्या जर्मन कुटुंबाचा माग काढताना

एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक मुलखांतून लाखो माणसे अमेरिकेत गेली. त्यांच्या आजच्या वंशजांपैकी अनेकांच्या हाती पूर्वजांविषयी एवढीच माहिती उरली आहे की, ‘ते जर्मनीहून आले.’ वंशावळीच्या कामाला ही माहिती जवळजवळ निरुपयोगी आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे. जर्मनी हे एकसंध राष्ट्र १८७१ साली अस्तित्वात आले. त्याआधी तिथे प्रशिया, बव्हेरिया, व्ह्युर्टेम्बर्ग, हॅनोव्हर, हेसे नावाची एकाहून अधिक राज्ये, दोन मेक्लेनबुर्ग आणि कितीतरी लहान संस्थाने नांदत होती आणि प्रत्येकाचे दप्तर वेगळे होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या जुन्या नोंदी राज्यवारही ठेवल्या जात नव्हत्या. त्या गावोगावच्या चर्चमध्ये, त्या त्या पॅरिशच्या म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मंडळीच्या वहीत होत असत. साऱ्या देशाची मिळून एकच सूची असावी आणि तिच्यात नाव घालताच माणूस हाती लागावा, अशी सोय तिथे कधीच नव्हती.

त्यामुळे या शोधातले मुख्य कोडे गावाचे असते. नेमके गाव कळले, तर दोनशे-तीनशे वर्षे मागे जाण्याचा रस्ता मोकळा होण्याची बरीच शक्यता असते. ते कळले नाही, तर जर्मन नोंदवह्यांची हजारो पाने चाळूनही नेमकी ओळ आपली आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. आणि गावाचे नाव शोधायचे ते अमेरिकेतल्या कागदपत्रांत. अनेक जण उतावीळपणे थेट जर्मन नोंदींवर उडी घेतात, तिथे त्याच नावाचा आणि जवळपास त्याच वयाचा कुणीतरी सापडतो, आणि मग एका परक्या घराण्याची वंशावळ आपली म्हणून पुढच्या पिढ्यांकडे जाते. ही चूक नंतर निस्तरणे फार कठीण असते, कारण एकदा छापलेली किंवा इंटरनेटवर चढवलेली चुकीची वंशावळ दहा ठिकाणी उतरवली जाते.

घरातले कागद आणि जनगणना

सुरुवात सर्वांत अलीकडच्या, खात्रीने माहीत असलेल्या माणसापासून करावी आणि एकेक पिढी मागे जावे. घरात कौटुंबिक बायबल असेल तर त्याची कोरी पाने पाहावीत. पुष्कळ कुटुंबांनी जन्ममृत्यूच्या तारखा तिथेच लिहून ठेवल्या आहेत. बाप्तिस्म्याचे किंवा दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने पुढे आपली श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीचे) प्रमाणपत्र, जर्मनीहून आलेली पत्रे, प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावरची सही आणि जुन्या छायाचित्राच्या पुठ्ठ्यामागे छापलेले छायाचित्रकाराचे गाव हे सारे जपून टिपून घ्यावे. छायाचित्रकाराचे गाव म्हणजे कुटुंबाचे गाव असेलच असे नाही, पण ते पायी किंवा गाडीने गाठता येईल अशा अंतरावर असण्याचा संभव असतो.

त्यानंतर अमेरिकेची जनगणना. ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होत आली आहे, मात्र १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीच्यांची केवळ संख्या मांडत. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि जन्मस्थान नोंदवले जाऊ लागले. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान हे रकाने आले. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमधील आगीत सापडले आणि त्यांतले जवळजवळ काहीच हाती राहिले नाही. १८८० ते १९०० ही वीस वर्षांची पोकळी म्हणूनच इतकी सलते. व्यक्तिगत माहिती ७२ वर्षे बंद ठेवण्याचा नियम असल्यामुळे सध्या १९५० पर्यंतच्या नोंदी पाहता येतात.

या सर्वांत जर्मन स्थलांतरितांसाठी सर्वांत मोलाची जनगणना १९०० ची, असे माझे मत आहे. एक नमुना घेऊन तिची एक ओळ कशी वाचायची ते पाहू. समजा, कुटुंबप्रमुख हेन्री याच्यापुढे लिहिले आहे : जन्म ऑगस्ट १८३८, वय ६१, विवाहाला ३६ वर्षे, जन्मस्थान जर्मनी, अमेरिकेत आगमन १८५७, आणि शेवटी ‘एनए’ ही दोन अक्षरे. खालच्या ओळीत त्याच्या पत्नीपुढे आगमनाचे वर्ष १८६०, झालेली मुले ९ आणि हयात मुले ६ अशी नोंद आहे. एवढ्या दोन ओळींतून किती वाटा फुटतात ते पाहा. विवाह सुमारे १८६४ चा आणि दोघांचेही आगमन त्याआधीचे, म्हणजे विवाह अमेरिकेतच झाला असावा आणि त्याची नोंद इथल्याच एखाद्या जर्मन चर्चमध्ये असली पाहिजे. पत्नी चार वर्षे अविवाहित असताना या देशात होती, म्हणजे ती बहुधा आईवडिलांबरोबर किंवा भावंडांबरोबर आली होती आणि तिच्या माहेरची माणसे जवळपास कुठेतरी राहत असणार. तीन मुले दगावली, म्हणजे तीन दफनांच्या नोंदी शोधायच्या. ‘एनए’ याचा अर्थ नागरिकत्व मिळाले, म्हणजे कुठल्यातरी न्यायालयात त्याचे कागद आहेत; तिथे ‘पीए’ असते तर अर्ज केलेला पण नागरिकत्व अजून न मिळालेला, आणि ‘एएल’ असते तर परकीय नागरिक असा अर्थ झाला असता.

जनगणनेतली माहिती कुणी सांगितली हे मात्र बहुतेक वेळा कळत नाही. प्रगणक दारात आला तेव्हा घरात जो असेल त्याने उत्तरे दिली. कधी ती सून होती, कधी दहा वर्षांचे मूल, कधी शेजारी. केवळ १९४० च्या जनगणनेत माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली केलेली असते. वयात दोन-चार वर्षांचा फरक पडला म्हणून माणूस दुसरा, असा निष्कर्ष काढू नये. आगमनाच्या वर्षाबाबतही तेच. एकाच कुटुंबाच्या सर्व जनगणना एकाखाली एक मांडल्या म्हणजे कोणती गोष्ट स्थिर राहते आणि कोणती हलते ते दिसते.

जन्मस्थानाचा रकाना हलतो तेव्हा त्याचे कारण अनेकदा स्मरणशक्तीत नसून नकाशात असते. हॅनोव्हरचे राज्य १८६६ साली प्रशियाने गिळले, त्यामुळे १८६० मध्ये ‘हॅनोव्हर’ सांगणारा माणूस १८७० मध्ये ‘प्रशिया’ सांगतो आणि १९०० मध्ये ‘जर्मनी’. आल्सेस-लोरेनमधला माणूस १८७० मध्ये फ्रान्सचा, १८८० मध्ये जर्मनीचा आणि १९२० मध्ये पुन्हा फ्रान्सचा होतो, आणि तिन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असतात. म्हणूनच १८६० आणि १८७० च्या जनगणना वगळू नयेत. त्यांत राज्याचे नाव मिळण्याची शक्यता अधिक असते. १९२० मध्येही, पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्यामुळे, जर्मनीत जन्मलेल्यांचा प्रांत किंवा शहर विचारण्याची सूचना प्रगणकांना होती आणि काहींनी ती मन लावून पाळली. ‘प्रशिया’ एवढेच लिहिलेले असेल तर मात्र त्याचा फार उपयोग नाही, कारण प्रशिया ऱ्हाईन नदीपासून थेट पूर्वेच्या रशियन सीमेपर्यंत पसरलेला होता.

केंद्राच्या जनगणनेशिवाय काही राज्यांनी मधल्या वर्षांत आपापली गणना केली. न्यूयॉर्कची १८५५ ची, विस्कॉन्सिनची १९०५ ची, कॅन्सस आणि आयोवाच्या अनेक गणना या त्यांतल्या ठळक. आयोवाची १९२५ ची गणना विशेष आहे, कारण तिच्यात आईवडिलांची नावे आणि आईचे माहेरचे आडनावसुद्धा विचारले होते.

नाव कसे बदलले असेल

सूचीत नाव सापडत नाही म्हणून शोध सोडण्यापूर्वी ते नाव एखाद्या इंग्रजी भाषक कारकुनाच्या कानाला कसे ऐकू आले असेल याचा विचार करावा. जर्मन बोलींत ब आणि प, द आणि ट, ग आणि क यांतला फरक पुसट असतो. शब्दाच्या आरंभीच्या ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार बहुतेकदा ‘फ’ होतो. त्यामुळे फोग्टचा फोक्ट आणि फायफरचा पायपर असे अनेक अवतार होतात. काहींनी आडनावाचे सरळ भाषांतर केले : श्मिटचे स्मिथ, त्सिमरमानचे कार्पेंटर, श्वार्त्सचे ब्लॅक, कोखचे कुक. न्यूयॉर्कच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी नावे बदलली ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा मात्र खरी नाही. प्रवाशांची यादी जहाज निघण्यापूर्वीच तयार होत असे आणि त्या बंदरातल्या एलिस बेटावरच्या तपासणी केंद्राचे अधिकारी त्याच यादीवरून माणसे तपासत. नावे बदलली ती पुढे, शेजारात, शाळेत, कारखान्यात आणि बहुधा स्वतः कुटुंबानेच.

पहिल्या नावाचा घोटाळा याहून मोठा. जर्मन मुलांना बाप्तिस्म्यात दोन-तीन नावे देत आणि त्यांतले हाक मारण्याचे नाव अनेकदा शेवटचे असे. योहान हाइनरिख, योहान फ्रीडरिख आणि योहान गेओर्ग हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात आणि घरात त्यांना हाइनरिख, फ्रिट्झ आणि गेओर्ग एवढेच म्हणत असतील. अमेरिकेत तेच हेन्री, फ्रेड आणि जॉर्ज झाले. म्हणून ‘जॉन’ शोधताना नुसत्या योहानवर विसंबू नये. आडनाव अजिबात सापडत नसेल, तर ते गाळून पहिले नाव, वय, जन्मदेश, तालुका आणि पत्नीचे नाव एवढ्यावर शोध घ्यावा. मुलांच्या नावांचा क्रम ओळखीचा निघाला की कुटुंब पक्के होते.

अमेरिकेतले जर्मन चर्च

गावाचे नाव सापडण्याची माझ्या मते सर्वांत मोठी आशा इथे आहे आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक लोक वगळतात. सेंट लुइस, सिनसिनाटी, मिलवॉकी आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत जर्मन मंडळ्यांनी आपापली चर्चे उभारली, तिथे अनेक दशके उपासना जर्मनमध्येच चालली आणि नोंदीही जर्मनमध्येच लिहिल्या गेल्या. सरकारी कारकुनाला ‘जर्मनी’ पुरेसे वाटे. पाळक स्वतः जर्मन असे, त्याला गावांची नावे कळत, लिहिता येत आणि आपल्या मंडळीतला माणूस कुठला हे जाणून घेण्यात त्याला आस्थाही असे. म्हणूनच विवाहाच्या आणि विशेषतः दफनाच्या नोंदीत ‘अमुक राज्यातील अमुक गावी जन्म’ असे वाक्य भेटते.

कुटुंब कोणत्या चर्चचे हे माहीत नसेल तर सरकारी विवाहनोंद काढावी. तिच्यावर विवाह लावणाऱ्या पाळकाची सही असते. त्या वर्षीच्या शहराच्या छापील निर्देशिकेत पाळकांची आणि चर्चांची यादी असते. दोन्ही ताडून पाहिली की चर्च सापडते. ते चर्च आज बंद झाले असेल तर त्याच्या वह्या त्या पंथाच्या अभिलेखागारात गेलेल्या असण्याची शक्यता असते. मिसुरी सिनड या ल्युथरन संस्थेची स्थापना १८४७ ची आणि तिचे ऐतिहासिक अभिलेखागार सेंट लुइसला आहे. कॅथलिक वह्यांसाठी त्या भागाच्या धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. इथे एका शब्दाबद्दल सावध राहावे. जर्मन नोंदींतल्या ‘एवांगेलिश’ या शब्दाचा अर्थ प्रॉटेस्टंट एवढाच आहे. अमेरिकेत आज ‘इव्हँजेलिकल’ म्हणताना जे अभिप्रेत असते ते त्यात नाही. प्रशियाने १८१७ साली ल्युथरन आणि रिफॉर्म्ड या दोन पंथांना एकत्र आणले होते, त्यामुळे प्रशियाहून आलेली कुटुंबे अमेरिकेत कधी या तर कधी त्या मंडळीत दिसतात.

दफनाची नोंद मिळाली की ती शेवटपर्यंत वाचावी. जन्मतारखेऐवजी वय वर्षे, महिने आणि दिवस असे दिलेले असते. मृत्यू ९ मार्च १८७१ रोजी आणि वय ६१ वर्षे, ४ महिने, १२ दिवस असेल, तर आधी वर्षे वजा करून ९ मार्च १८१०, मग महिने वजा करून ९ नोव्हेंबर १८०९ आणि शेवटी दिवस वजा करून २८ ऑक्टोबर १८०९ ही जन्मतारीख निघते. पाळकाच्या हिशेबात एक-दोन दिवसांची चूक होऊ शकते, म्हणून पुढे जर्मन वहीत शोधताना दोन्ही बाजूंचा आठवडा पाहावा.

आणि आता मूळ मुद्दा. आपल्या पूर्वजाच्या नोंदीत गाव नसेल तर त्याच्या भोवतीची माणसे पाहावीत. मुलांच्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्ममातापिता, विवाहाचे साक्षीदार, १८६० आणि १८७० च्या जनगणनेत अलीकडच्या-पलीकडच्या घरांत राहणारी जर्मन कुटुंबे आणि दफनभूमीत शेजारच्या थडग्यांवरची आडनावे यांची एक यादी करावी. हे लोक क्वचितच एकेकटे आले. आधी एक भाऊ आला, त्याने पत्र लिहिले, मग दुसरा भाऊ, मेहुणा, गावातले दोन शेजारी असे एकामागून एक येत राहिले आणि नव्या देशातही शेजारी शेजारीच वसले. पूर्वजाच्या थोरल्या बहिणीचे दफन ज्या पाळकाने केले तो अधिक काटेकोर निघतो आणि गावाचे नाव तिथे मिळते. किंवा तीन मुलांना धर्मपिता म्हणून उभा राहिलेला माणूस त्याच गावचा असतो आणि त्याच्या मृत्युलेखात ते छापलेले असते. जर्मन भाषेतल्या अमेरिकन वृत्तपत्रांत असे मृत्युलेख नेमाने येत आणि थडग्यांवरही जन्मगाव कोरण्याची पद्धत होती. आपल्या थेट पूर्वजाची एकच ओळ घेऊन बसण्यापेक्षा ही भोवतालची दहा माणसे धरावीत, हा माझा आग्रह आहे. त्यात वेळ जातो, पण वाया जात नाही.

उरलेले अमेरिकन कागद

नागरिकत्वाचे कागद २७ सप्टेंबर १९०६ पूर्वी कोणत्याही अधिकृत न्यायालयात होत आणि त्यांत बहुतेकदा ‘प्रशियाच्या राजाची निष्ठा सोडतो’ एवढेच असते. त्या तारखेनंतरच्या ठरावीक नमुन्यात मात्र जन्मगाव आणि जहाजाचे नावही असते. १८५५ ते १९२२ या काळात विवाहित स्त्रीचे नागरिकत्व पतीच्या मागोमाग जात असे, म्हणून तिचे वेगळे कागद सहसा सापडणार नाहीत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली जमीन घेतलेल्या स्थलांतरिताला नागरिकत्वाचा पुरावा द्यावा लागे आणि त्याची प्रत जमिनीच्या फाइलमध्ये राही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जून १९१७ मध्ये झालेल्या सैन्यनोंदणीच्या अर्जावर जन्माचे शहर विचारले होते.

जहाजांच्या याद्यांत हाम्बुर्ग या जर्मन बंदराची यादी सर्वोत्तम. ती १८५० ते १९३४ या काळाची, मधली महायुद्धाची वर्षे वगळता, टिकून आहे आणि तिच्यात प्रवाशाचे शेवटचे वास्तव्याचे गाव दिलेले असते. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र जागेअभावी आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या. आपला माणूस हाम्बुर्गहून इंग्लंडमधील हल आणि लिव्हरपूल या बंदरांमार्गे गेला असेल तर त्याचे नाव थेट जहाजांच्या यादीत न सापडता अप्रत्यक्ष प्रवासाच्या वेगळ्या यादीत सापडते.

गावाची ओळख पटवणे

कागदावर गावाचे नाव सापडले म्हणजे काम झाले असे नाही. ते बहुधा कानाने ऐकून लिहिलेले असते आणि एकाच नावाची गावे जर्मनीत अनेक असतात. नॉयश्टाट, नॉयकिर्शेन, हाउझेन अशी नावे पावलोपावली भेटतात. इथे मायर यांचा १९१२-१३ चा स्थलकोश कामाला येतो. त्यात जर्मन साम्राज्यातली अगदी लहान वस्तीसुद्धा आहे आणि तो इंटरनेटवर नकाशासह विनामूल्य शोधता येतो. गाव कोणत्या राज्यात आणि जिल्ह्यात, तिथे स्वतःचे चर्च होते का, नसल्यास जवळ कोणती चर्चे होती, नागरी नोंदणीचे कार्यालय कुठे होते, हे सारे तिथून कळते. लहान खेड्याला स्वतःचे चर्च नसे. तिथली माणसे तीन-चार किलोमीटरवरच्या गावी जात आणि त्यांच्या नोंदी त्या गावच्या वहीत होत. हे न कळल्यामुळे योग्य गाव सापडूनही अनेक जण रिकाम्या हाताने परततात.

ओडर आणि नायसे या नद्यांच्या पूर्वेचा मुलूख १९४५ नंतर प्रामुख्याने पोलंडमध्ये गेला. पोमेरेनिया, सायलेशिया किंवा पूर्व प्रशियाच्या कुटुंबासाठी पोलंडची सरकारी अभिलेखागारे, बर्लिनमधील प्रॉटेस्टंट मध्यवर्ती अभिलेखागार आणि लाइप्त्सिगच्या सरकारी अभिलेखागाराचा वंशावळ विभाग अशा तीन ठिकाणी चौकशी करावी लागते.

जर्मन चर्चची वही

कॅथलिक चर्चने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा नियम १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत केला आणि प्रॉटेस्टंट प्रदेशांतही त्याच शतकात वह्या सुरू झाल्या. प्रत्यक्षात १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात असंख्य वह्या जळाल्या, त्यामुळे पुष्कळ गावांत नोंदी त्यानंतरच्याच मिळतात. नागरी नोंदणी ऱ्हाईनच्या पश्चिमेला फ्रेंच अमलात १७९८ पासून, प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या जर्मनीत १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. नागरी नोंदी जन्मासाठी ११०, विवाहासाठी ८० आणि मृत्यूसाठी ३० वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. चर्चच्या वह्यांपैकी प्रॉटेस्टंट वह्या ‘आर्किओन’ या सशुल्क संकेतस्थळावर, अनेक कॅथलिक वह्या ‘मॅट्रिक्युला’वर विनामूल्य आणि दोन्हींपैकी बऱ्याच ‘फॅमिलीसर्च’वर पाहता येतात. व्ह्युर्टेम्बर्गचे कुटुंब असेल तर भाग्यच म्हणायचे. तिथे १८०८ पासून प्रत्येक कुटुंबासाठी एक पान राखलेले असे आणि त्या पानावर पतिपत्नी, दोघांचे आईवडील आणि सर्व मुले एकत्र मिळतात. मुलाच्या नावापुढे ‘अमेरिकेस’ अशी नोंदही कधी कधी असते.

पहिले पान उघडताच धास्ती वाटते ती लिपीची. कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी आजच्या जर्मन माणसालाही सहज वाचता येत नाही. मोडी शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल : आधी सगळे सारखेच दिसते, मग एका हाताचे वळण डोळ्यांत बसते आणि पाने बोलू लागतात. तिच्यातला ‘ई’ हा आपल्या ओळखीच्या इंग्रजी ‘एन’सारखा दोन उभ्या रेघांचा असतो, ‘यू’वर लहानशी कमान असते, ती ‘एन’पासून वेगळा ओळखता यावा म्हणून, ‘एन’ किंवा ‘एम’वर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचे. शिकण्याची सोपी रीत म्हणजे आधी आपल्या कुटुंबाचे आडनाव आणि गावाचे नाव कुरेंटमध्ये स्वतःच्या हाताने वीस-पंचवीस वेळा लिहून पाहावे. हाताला सवय झाली की डोळ्यांना ते नाव गर्दीतूनही दिसते. त्यानंतर त्याच पाळकाने लिहिलेली महिन्यांची नावे शोधावीत. ती आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांच्यावरून त्याच्या अक्षरांची किल्ली तयार होते.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत साधारणपणे मुलाचे नाव, ‘गेबोरेन’ म्हणजे जन्माची तारीख, ‘गेटाउफ्ट’ म्हणजे बाप्तिस्म्याची तारीख, वडिलांचे नाव आणि व्यवसाय, आईचे नाव आणि ‘गेबोरेने’ या शब्दापुढे तिचे माहेरचे आडनाव, आणि शेवटी धर्ममातापित्यांची नावे येतात. मृत्यूसाठी ‘गेश्टोर्बेन’, दफनासाठी ‘बेग्राबेन’, विवाहासाठी ‘कोपुलीर्ट’, विधवेसाठी ‘विट्वे’ आणि अविवाहितासाठी ‘लेडिग’ हे शब्द पाठ करून ठेवावेत. स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागतो. म्युलर घराण्यातली मुलगी म्युलरिन लिहिली जाते, ते वेगळे आडनाव नव्हे. कॅथलिक वहीत लॅटिन असते आणि तिथे हाइनरिखचा हेन्रिकुस व लुडविगचा लुडोविकुस होतो.

तारखांत एक फसवी जागा आहे. सात या आकड्यापुढे ‘बर’ लिहिलेले असेल तर तो जुलै नसून सप्टेंबर. तसेच आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर, कारण लॅटिनमध्ये या महिन्यांची नावे सात ते दहा या संख्यांवरून पडली आहेत. ऱ्हाईनच्या पश्चिमेच्या नागरी नोंदींत १८०५ अखेरपर्यंत फ्रेंच क्रांतीची दिनदर्शिका वापरलेली असते. तिच्या तारखा कोष्टकावरून बदलून घ्याव्या लागतात. वेस्टफालियात आणखी एक चाल होती : शेतवाडी वारशाने आलेल्या मुलीशी लग्न करणारा पुरुष त्या वाडीचे नाव आडनाव म्हणून घेई, त्यामुळे बाप आणि मुलगा वेगळ्या आडनावांचे दिसू शकतात.

सापडलेला माणूस आपलाच का

नाव जुळले, गाव जुळले, तारीख जुळली, तरीही एक तपासणी बाकी राहते आणि ती केल्याशिवाय नोंद आपली म्हणू नये. बाप्तिस्म्याच्या तारखेपासून पुढची निदान पंधरा वर्षे त्याच गावच्या दफनाच्या नोंदी वाचाव्यात. त्या काळी लहान मुले फार दगावत आणि गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत होती. १८३६ साली जन्मलेला योहान हाइनरिख वर्षभरात गेला असेल आणि १८३८ साली जन्मलेल्या भावाला तेच नाव दिले असेल, तर पहिल्याला पूर्वज ठरवणे म्हणजे एका तान्ह्या मुलाच्या नावावर पुढच्या साऱ्या पिढ्या मांडणे होय. याउलट दफनाची नोंद नाही, चौदाव्या वर्षाच्या सुमारास दृढीकरणाची नोंद आहे आणि त्यानंतर विवाहही नाही, मृत्यूही नाही, माणूस वह्यांतून नाहीसाच झाला, तर तो गाव सोडून गेला असण्याची शक्यता बळकट होते. समासात पाळकाने ‘अमेरिकेस’ असे लिहून ठेवले असेल तर त्याहून चांगला पुरावा नाही, पण ते न सापडल्याने खचू नये. सैन्यभरती चुकवण्यासाठी परवान्याविना गेलेले तरुण पुष्कळ होते.

मग आईवडिलांचा विवाह शोधावा. तो साधारणपणे वधूच्या गावी होई, म्हणून थोरल्या मुलाच्या जन्माआधीच्या दोन-तीन वर्षांत तो त्या गावच्या वहीत नसेल तर आईच्या माहेरच्या गावची वही उघडावी. थोरले मूल विवाहाआधी जन्मलेले दिसले तर गोंधळू नये. बव्हेरिया आणि मेक्लेनबुर्गमध्ये गरिबांच्या विवाहावर इतकी बंधने होती की परवानगी मिळेपर्यंत एक-दोन मुले झालेली असत आणि त्यांची नोंद आईच्या आडनावाने होई. वही जळालेली किंवा हरवलेली निघाली, तर तिची दुसरी प्रत न्यायालयाकडे किंवा वरच्या धर्मकार्यालयाकडे पाठवलेली असू शकते; अनेक राज्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून किंवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तसा नियम होता. त्या भागाच्या सरकारी अभिलेखागाराला जर्मनमध्ये छोटे पत्र लिहावे, त्यात एकाच व्यक्तीबद्दल एकच प्रश्न विचारावा, पॅरिशचे नाव आणि वर्षांची मर्यादा द्यावी आणि शोधाचे शुल्क किती होईल ते आधी कळवण्याची विनंती करावी.